रंगाऱ्याच्या वहीतलं जर्मन

मी जर्मन शिकायला घेतलं ते निव्वळ खुन्नस म्हणून. नंदुरबारच्या ज्या शाळेत मी मास्तर होतो, तिथल्या हेडमास्तरांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं की संस्कृतावरचे खरे ग्रंथ जर्मनांनी लिहिलेत आणि ते मुळातून वाचणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच मला झोंबलं. तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि डोकं गरम होतं. तो सापडणारा माणूस मी व्हायचं, असं मी त्या दुपारी ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. पुण्याच्या एका पुस्तकवाल्याला पत्र टाकलं, त्याने एक जुनं व्याकरण पाठवलं. ते इतक्या काटेरी अक्षरांत छापलेलं होतं की दोन महिने मला त्यातला 'स' आणि 'फ' वेगळा काढता आला नाही. शब्दकोश नव्हता. विचारायला माणूस नव्हता. घरात बायको विचारायची, हे कुणाशी बोलणार तुम्ही? मी सांगायचो, कुणाशी नाही, वाचणार आहे. ती हसायची आणि मला राग यायचा.

वाचायला खरं काही मिळालं ते रंगारी चाचांकडे. पाताळगंगा नदीच्या काठाला त्यांचं रंगाचं घर होतं. पिढ्यानपिढ्या त्या मुसलमान घराचा तोच धंदा. बायकोचं एक लुगडं रंगवायला घेऊन गेलो होतो, तर चाचांनी जर्मनीहून आलेल्या रंगाचा पत्र्याचा डबा उघडला आणि आतून घडीचा कागद काढून बाजूला फेकला. मी तो उचलला. एकाच कागदावर चार रकाने होते, जर्मन, इंग्रजी, गुजराती आणि उर्दू. चारही रकान्यांत एकच मजकूर. पाणी किती तापवायचं, मीठ केव्हा टाकायचं, कपडा किती वेळ हलवायचा. मी त्या ओल्या ओट्यावर तिथेच बसलो. इंग्रजी वाचायचं, मग जर्मन. नळीतून पाणी यावं तसा अर्थ इकडून तिकडे जात होता. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर चाचा माझ्यासाठी कागद जपून ठेवू लागले. लालाचा कागद, हिरव्याचा, काळ्याचा. प्रत्येकात पाचसात शब्द नवे असत. मी ते एका चोपडीत उतरवून घ्यायचो.

वाचता यायला लागलं, पण ती भाषा ऐकायला कशी येते हे कुठे माहीत होतं? मी ती मराठी वाचल्यासारखी वाचत होतो. मग कळलं की गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरांकडे चावीचा फोनो आहे. हे सुरतेचे गृहस्थ. तिकडच्या जुन्या बाजारातून त्यांनी तबकड्यांची एक रास उचलून आणली होती. त्यांत दोन जर्मन निघाल्या. एकीवर देवळातल्या भजनासारखं काही गाणं होतं, ते मला निरुपयोगी. दुसरीवर एक बाई सावकाश बोलायची. आकडे, वार, आण, ठेव, उघड, मिटव. बहुतेक लहान मुलांसाठी केलेली असावी. तबकडीची कड फुटकी होती, त्यामुळे पहिलं वाक्य कधीच ऐकू आलं नाही. दर रविवारी दुपारी, जिनिंगचं इंजिन बंद असताना, मी त्या बाईसमोर जाऊन बसायचो. दोन महिन्यांत तिचा हेल माझ्या तोंडात बसला. मग मी रंगाच्या डब्यांचे कागद तिच्या हेलात पाठ करू लागलो. शाळेच्या वाटेवर चालताना मी मीठ, सोडा आणि कढत पाणी गुणगुणत असायचो. लोक वळून पाहायचे.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती मी नीट सांगणार आहे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

चाचांकडे एक जाड वही होती. तिच्यात त्यांनी प्रत्येक रंगाची चिंधी खळीने चिकटवली होती. त्यांच्या धंद्याची रीत अशी की गावागावाचा रंग वेगळा. अक्कलकुव्याच्या बाजाराला डोंगरातून येणाऱ्या बायकांना जो लाल लागे तो प्रकाशा गावच्या बायका हातात धरत नसत, आणि चिंचपाड्याकडचा निळा तर जवळजवळ काळाच. रंग एक छटा जरी इकडेतिकडे झाला तरी कपडा परत यायचा. चाचांना लिहिता वाचता येत नव्हतं. चिंधी पाहिली की त्यांना सगळं आठवे. पण नव्या डब्यांची मापं नवी होती, आणि रंगाच्या घरात कागद टिकत नसे. ते मला म्हणाले, "मास्तर, हाऊ कागद पानीमा गया ते मन्ही विद्या गयी. वहीमा लिखी द्या."

मी लिहून दिलं. चिंधीखाली गावाचं नाव, त्याखाली चाचांच्या चिमटींचे आणि मुठींचे आकडे, आणि त्याखाली सगळी कृती जर्मनमधून. मराठीत लिहायला काय झालं होतं? काही नाही. मला सराव हवा होता. चाचांना तशीही कुठलीच लिपी येत नाही, वाचून तर मीच दाखवणार, मग भाषा कुठली का असेना, असा मी विचार केला. चाचांना मी हे सांगितलंही. ते म्हणाले, तुम्हाला ठीक वाटेल तसं करा. एका माणसाची आयुष्यभराची विद्या मी अशा भाषेत बंद करून ठेवली, जी गावात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती. आणि मला वर अभिमान वाटत होता.

मग इंग्रजांचं जर्मनीशी युद्ध सुरू झालं.

पहिल्या आठवड्यात जिनिंगच्या मॅनेजरांनी दार अर्धंच उघडलं. "मास्तर, हवे नहीं आवता. ए बधुं बंध," म्हणाले, म्हणजे आता येऊ नका, हे सगळं बंद. त्यांच्यामागे फोनोवर चादर टाकलेली दिसत होती. त्यांनी ती तबकडी फोडून टाकली असं पुढे ऐकलं. जर्मन रंगाचे डबे यायचे थांबले. चाचांच्या फळीवर जे उरलं तेवढंच. त्यातला एक डबा त्यांनी मेणाने बंद करून घरात धान्याच्या कोठीत ठेवला. तो सगळ्यात गडद लाल होता. रमझान झाला की त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि तिच्या ओढणीसाठी तो रंग त्यांनी राखला होता. वहीत त्याचंही पान होतं. त्यावर गावाचं नाव नव्हतं, कारण तो लाल कुठल्याच गावाचा नव्हता, घरचा होता.

ठाण्यात कुणीतरी निनावी कागद टाकला. कुणी ते मला आजवर कळलेलं नाही. एका सोमवारी सकाळी फौजदार रंगाच्या घरी गेले, चार रिकामे डबे आणि ती वही उचलली आणि चाचांना सोबत घेऊन गेले. गावात बातमी अशी पसरली की रंगाऱ्याकडे शत्रूच्या भाषेतली वही सापडली, तिच्यात गावांची नावं आहेत, आकडे आहेत आणि खुणेसाठी रंगीत चिंध्या लावल्या आहेत. मी त्या वहीकडे प्रथमच दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ती खरोखर तशीच दिसत होती.

मी काय केलं ते सांगतो. घरी गेलो, माझी जर्मनची चोपडी, ते काटेरी व्याकरण आणि जमवलेले सगळे कागद बंबात घातले. आंघोळीचं पाणी तापलं. मग शाळेत गेलो आणि तिसरीला पाढे घेतले.

ठाण्यात चाचांना विचारलं, हे कुणी लिहिलं? ते म्हणाले, रंग विकणारा एक एजंट आला होता, त्याने लिहून दिलं. नाव? आठवत नाही. फौजदारांचा विश्वास बसला नाही. त्यांनी चाचांना कोठडीत टाकलं नाही, पण सकाळी बोलवायचं, दिवसभर बाकावर बसवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, असं सुरू केलं. शाळेची माझी नेहमीची वाट ठाण्यावरून जायची. मी वाट बदलली. मंगळवारी बदलली, बुधवारी बदलली. नोकरी जाईल, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती मला हेडमास्तरांच्या तोंडावर येणाऱ्या हसण्याची होती. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

बुधवारी शाळेतून आलो तर बायको दारातच उभी होती. ती चाचींकडे जाऊन आली होती.

"चाचाले आज बी ठाणामा बसाडेल शे," ती म्हणाली. "तीन दिन व्हयनात. त्यासनी तुम्हनं नाव नही सांगं."

मी चपला काढत राहिलो.

"अक्षर तुम्हनं शे ना?"

आमच्या घरात ती माझ्यावर कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. मी चपला परत घातल्या. "मी जास," म्हणालो आणि गेलो.

चाचा बाकाच्या एका टोकाला बसले होते. मला पाहून त्यांनी मान जराशी हलवली, म्हणजे जा, परत जा. मी सरळ फौजदारांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, "ते अक्षर माझं आहे. ती रंगाची कृती आहे, दुसरं काही नाही."

फौजदार वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, सोमवारी का नाही आलात?"

मी बाकावरच्या चाचांकडे पाहिलं.

"सोमवारी तुम्ही येऊन हसत हसत सांगितलं असतं तर मी वही तुमच्या हातात देऊन टाकली असती. आता तीन दिवस झाले. यांनी एजंटाची गोष्ट सांगितली, ती खोटी निघाली. मी वर कळवून बसलोय. आता तुमच्या शब्दावर मी हे प्रकरण कसं मिटवू? तुम्ही वाचाल ते खरं, असं मानायचं? ही भाषा इथे दुसऱ्या कुणाला येते?"

कुणालाच येत नव्हती. याचाच तर मला अभिमान होता.

मग त्यांनीच तोड काढली. गुरुवारी सकाळी ते रंगाच्या घरी येतील, त्यांना हवं ते पान काढतील, मी मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा आणि चाचांनी फक्त मी सांगेन तेवढंच करायचं, स्वतःच्या आठवणीने काही नाही. रंग चिंधीशी जुळला तर ती कृती. नाही जुळला तर दोघांनी धुळ्याला चलायचं, जिल्ह्याच्या साहेबासमोर.

गुरुवारी ते एका शिपायाला घेऊन आले. अंगणात भट्टी पेटलेली होती. चाचांनी एक पांढरी चिंधी पुढे केली, तर फौजदार म्हणाले, "तुमची चिंधी नको. आधीच काही लावून ठेवलं असेल." त्यांनी काखेतून एक पुडकं काढलं. त्यात त्यांचा स्वतःचा फेटा होता, नवाकोरा, पांढरा. मग ओट्यावर बसून त्यांनी वहीची पानं उलटली. अक्कलकुवा पाहिलं, प्रकाशा पाहिलं, पुढे गेले. एका पानावर थांबले.

"सगळ्यांवर गाव आहे. यावर का नाही?"

मी म्हणालो, "तो यांच्या मुलीच्या ओढणीचा आहे."

"असं तुम्ही म्हणता. मग हाच करा."

मी चाचांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. तो रंग एवढाच उरलाय, दुसरा घ्या, प्रकाशाचा घ्या, असं म्हणायला माझं तोंड उघडलंही. पण चाचा तोवर आत गेले होते. कोठीतलं धान्य सरकवल्याचा आवाज आला. ते डबा घेऊन बाहेर आले, अंगठ्याच्या नखाने मेण काढलं आणि झाकण उघडून माझ्यासमोर उभे राहिले. दारामागे त्यांची मुलगी उभी होती. पडदा हलला म्हणून मला कळलं.

मी वाचू लागलो. एक ओळ जर्मन, मग तिचा अर्थ. पाणी हाताला सोसेल इतपत तापवा. चाचांनी तापवलं. भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवा. कालवली. फेट्यासारख्या लांब कापडाला डबा पूर्ण लागणार होता, तो पूर्ण गेला. कपडा आत गेला. तिथून पुढची ओळ पुसलेली होती. कधीतरी ओल्या बोटांनी पान धरलं गेलं असणार, पेन्सिलीचं अक्षर पसरून नुसता डाग राहिला होता. मीठ आधी की सोडा? एकदम की दोनदा? माझे कागद असते तर मी पाहून सांगितलं असतं, आणि ते कागद मी बंबात घातले होते.

चाचांचा हात मिठाच्या मडक्यापाशी थांबला होता. त्यांना माहीत होतं. त्यांनी खूण केली असती तर फौजदारांना दिसली असती. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही.

"पुढे?" फौजदार म्हणाले.

मी डोळे मिटले आणि तबकडीवरच्या बाईला हाक मारल्यासारखं केलं. दुसरा उपाय नव्हता. शाळेच्या वाटेवर म्हणायचो तसं, तिच्या हेलात, पहिल्या ओळीपासून तोंडातल्या तोंडात सुरू केलं. पाणी आलं, भुकटी आली, कपडा आला, आणि मग तोंड आपोआप पुढे गेलं. "मीठ," मी म्हणालो. "अर्धं आता. कपडा हलवत राहायचं. उरलेलं उकळी यायच्या आधी. सोडा शेवटी." माझा सदरा पाठीला चिकटला होता. चाचांनी अर्धं मीठ टाकलं.

फेटा बाहेर काढला तेव्हा तो जवळजवळ काळा दिसत होता. फौजदारांनी चिंधी त्याच्यावर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे कुठे जुळतंय?"

चाचा त्या सकाळी पहिल्यांदा बोलले. "साहेब, वला कपडा देखीसन रंग सांगता येत नही. सुकू द्या."

फेटा नदीत धुतला आणि काठावरच्या दोरीवर टाकला. आम्ही चौघे उन्हात उभे राहिलो. शिपाई विडी ओढत होता. अर्धा तास, पाऊण तास. कडेपासून रंग उघडत गेला. आधी गाभुळल्या चिंचेसारखा होता, मग उजळला. फौजदारांनी वाळलेल्या टोकावर चिंधी ठेवली आणि त्यांना ती क्षणभर दिसेना, म्हणून त्यांनी बोटाने चाचपली.

त्यांनी वही ओट्यावर ठेवली. मला म्हणाले, "यात मराठीत लिहा." चाचांना काही म्हणाले नाहीत. फेटा घडी करून काखेत मारला आणि गेले.

भट्टीवरच्या हंड्यात उरलेलं पाणी होतं. लाल रंग सगळा फेट्याने पिऊन घेतला होता. चाचा घरात गेले, मुलीची पांढरी ओढणी घेऊन आले आणि त्या पाण्यात सोडली. बराच वेळ हलवत राहिले. मी तिथेच होतो. ओढणी निघाली ती फिकट गुलाबी.

मी माफी मागितली. नीट मागता आली नाही. चाचा म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. शाळाले उशीर व्हई."

वही मी महिनाभर बसून मराठीत उतरवली. ईद झाली, लग्न झालं. गावच्या रीतीप्रमाणे फौजदारांनाही दावतीचं बोलावणं होतं. ते आले ते तोच फेटा बांधून. मांडवात दुसरं काहीही तितकं लाल नव्हतं. बायको आत नवरीला पाहून आली आणि माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही.

चाचा पंगतीत वाढत वाढत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. समोर फौजदार जेवत होते. चाचांनी तो फेटा नजरेने नीट तपासला, धंद्याचा माणूस तपासतो तसा, टोकापासून टोकापर्यंत.

"देखा मास्तर," ते वाकून हळूच म्हणाले. "दोनदाव धुवायेल व्हई, पन जराबी उतरना नही. तुम्ही बराबर वाचं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात टोमणा शोधला. तो नव्हता. ते मनापासून माझं कौतुक करत होते. टोमणा असता तर मला जेवण गेलं असतं.